सोऱ्या मागायची सोय नव्हती

अन्याय झाला शमीमआपांवर. झाला गेल्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, ऊन अजून पत्र्यांवर चढायचं होतं तेव्हा. हे आधी लिहून टाकते, कारण हल्ली ज्याला विचारावं तो म्हणतो, अन्याय कसला, एका फाटकाला कुलूप लागलं एवढंच. कुलपं काय, नगरमध्ये रोज लागतात.

आपा त्यांच्या तीनचाकी सायकलवर होत्या; हाताने पायडल फिरवायची ती सायकल. लहानपणी पोलिओने पाय गेले, तेव्हापासून त्यांचं चालणं म्हणजे ही सायकल. पुढच्या टोपलीत पितळेचा सोऱ्या. मागच्या फळीला दोरीने बांधलेलं पातेलं आणि त्यात पहाटे शिजवलेला गव्हाचा चीक. पातेल्याला हात लावून मागे चालत होती कुसुममावशी, आमची शेजारीण. तिच्यामागे मी, काखेत प्लास्टिकचे कागद आणि जुन्या साड्या घेऊन. दरवर्षीसारख्या आम्ही समाजमंदिराच्या अंगणात कुरडया घालायला निघालो होतो. आमच्या क्रशर वस्तीत तेवढंच एक अंगण आहे. पूर्वी इथे खडी फुटायची. क्रशर गेला, धूळ बसली, नाव तेवढं राहिलं. घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्यासारखी. बाज टाकायला जागा हवी, तर समाजमंदिर.

फाटकाला नवंकोरं कुलूप. आत खुर्चीवर एक नवाकोरा वॉचमन.

"आगं, ह्ये कोनी घातलं?" मावशी म्हणाली.

"वरून ऑर्डर हाय. वस्तीत वापर न्हाई म्हणून बंद केलंय."

"वापर न्हाई? मंग आमी काय वरात काढलीय व्हय रं?"

"मला काय विचारता मावशी, मी कालच आलोय."

"कालच आलाय आन् आजच लागला आडवायला!"

आपांनी मागे हात करून पातेल्याला बोटं लावली. चीक ज्यांनी शिजवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. तो गरम असेतो सोऱ्यातून रेशमासारखा उतरतो, आणि एकदा थिजला की सोऱ्याचा दांडा मोडेल पण धार पडायची नाही. "कुसुम, भांडण ठेव बाजूला," आपा म्हणाल्या. "चीक भांडण संपायची वाट बघत नाही."

मग जे व्हायचं ते झालं. कुणाच्या तरी नव्या स्लॅबवर पातेलं चढवलं. वर जायला लोखंडी शिडी. बाया वर गेल्या, बाज वर गेली, सोऱ्या वर गेला. आपा खाली लिंबाच्या सावलीत सायकलवर बसून राहिल्या. "आपा, तुमी बसा निवांत, तुमच्या आमी घालतो," असं वरून कुणीतरी ओरडलं, अगदी मायेने. दुपारनंतर वाळायला लागलेल्या कुरडयांची एक पाटी दोरीने खाली सोडली. आपांनी ती मांडीवर घेतली, वरचं फडकं सारखं केलं आणि मला म्हणाल्या, "मिळाल्या गं बेटा कुरडया. घालायच्या राहिल्या."

यंदा तो वास पुन्हा आलाय.

उन्हाळा मला उन्हाने कळत नाही, या वासाने कळतो. गहू तीन दिवस भिजत पडतो, रोज पाणी बदललं तरी त्याला एक आंबूस, गोडसर, थोडासा ओल्या पोत्यासारखा वास सुटतो, आणि तो एका घरातून निघून बोळभर फिरतो. त्याच दिवसांत लिंबाची बारीक फुलं गळत असतात. पत्रे तापून टकटक वाजतात. टँकरची वाट बघत हंडे रांगेत बसलेले असतात आणि त्यांच्या मालकिणी सावलीत. दुपारी सगळी वस्ती मिटल्यासारखी होते. फक्त बाजेवरच्या पापडांच्या कडा हळूहळू वर वळत असतात, एवढीच काय ती हालचाल.

लहानपणी मला वाटायचं की हे सगळं आपल्या खाण्यासाठी चाललंय. वाटीत गरम चीक, वर थोडं तेल, थोडं मीठ, नाहीतर साखर. उडदाच्या पापडाची कच्ची लाटी, तेलात बुडवून, दाताला चिकटणारी. आई सोनईची, तिचा नियम असा की पहिली लाटी जो राखण बसला त्याची. म्हणून राखण बसायला भांडणं. शेळ्या, कावळे, वावटळ, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. वावटळ आली की बाया बाजेवर आडव्या पडायच्या, अक्षरशः, साडीचा पदर पसरून, आणि पडल्या पडल्या हसायच्या. शमीमआपा त्या वावटळीत सायकल आडवी लावून बाजेच्या पायाला घट्ट धरून बसायच्या. "माझं वजन कुठंतरी कामाला येऊ दे," म्हणायच्या.

त्या अंगणात आपांचं राज्य होतं, असं म्हटलं तर त्यांनाच आवडायचं नाही. पण होतं. जमिनीच्या पातळीवर अंगण, एका बाजूला लहानसा चढ, बाकी सपाट. सकाळी वाळवण, दुपारी त्या पोरींना शिवण शिकवायच्या. सोऱ्या दाबायला खांद्यात जोर लागतो आणि आपांचे खांदे आयुष्यभर पायांचं काम करत आलेत. वस्तीतल्या सगळ्यांच्या कुरडया त्यांच्या हातच्या असायच्या. सगळ्यांच्या. आता त्यांनाच पाटी दोरीने खाली येते.

राग कशाचा येतो ते आता सांगते. हे कुलूप एका अ‍ॅपमुळे लागलं.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. कुलपाच्या आधीच्या हिवाळ्यात ते आलं. समाजमंदिराच्या भिंतीवर पोस्टर लागलं, 'सर्वांसाठी शहर', त्यावर एक हसरी म्हातारी, एक काठीवाला माणूस आणि एक व्हीलचेअर, तिघेही हिरवळीवर. आमच्या वस्तीत हिरवळ म्हणजे फुटलेल्या पाइपाजवळचं शेवाळ. तरी सांगते, कल्पना मला आवडली होती. ज्याला जे येतं ते त्याने सांगायचं, ज्याला जे शिकायचंय किंवा ज्या कामात मदत हवीय ते त्याने सांगायचं, आणि अ‍ॅप दोघांची गाठ घालून देणार. पैशाचा संबंध नाही. तासाला तास. शिवण शिकवा, बदल्यात मोबाईल शिका. वाईट काय आहे त्यात? वॉर्ड ऑफिसनेही सांगितलं की जिथे या अ‍ॅपचा वापर दिसेल तिथलं समाजमंदिर दुरुस्त करू, चढ नीट करू, नळ देऊ, त्याचं कौशल्य केंद्र करू. मी स्वतः घरोघर फिरून बाया गोळा केल्या.

अ‍ॅप घेऊन आला तन्मय. पुण्याचा. माणूस वाईट नव्हता, हे म्हणायला मला जड जातं, पण नव्हता. चटईवर बसायचा, चहा नाकारायचा नाही, कुसुममावशीला "मावशी" म्हणायचा आणि खरंच ऐकतोय असं तोंड करायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी त्याने मुद्दाम बोलणारं अ‍ॅप केलं होतं. फोन प्रश्न मोठ्याने विचारणार, बाईने उत्तर बोलायचं, झाली नोंद. "कुणीच मागे राहायला नको ना, ताई," तो मला म्हणाला होता.

तर नोंदणीच्या दिवशी अंगणात सगळ्या बाया गोलात बसलेल्या, मधे फोन, फोनला जोडलेला स्पीकर. आणि त्यातून एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तशा आवाजात प्रश्न आला. आपल्याला कोणती कौशल्यं अवगत आहेत?

पहिली कुसुममावशी. "लिव. भाकरी. बाळंतिणीला न्हाऊ घालनं. आन् पवनं."

"पवणं म्हणजे?" तन्मय.

"पानी कापायचं रं! हिरीत. लग्नाच्या आदी लई पवायचे मी."

टँकरवर जगणाऱ्या वस्तीत पोहण्याची शिक्षिका नोंदली गेली. बाया लोटपोट. मग एकेक पुढे यायला लागली, आणि जिला जे येत होतं ते, येत नव्हतं ते, माहेरी असताना येत होतं ते, लेकीला येतं ते, सगळं सांगायला लागली. फोनने नाव, वय, शिक्षण, तब्येत, सगळं खोदून विचारल्यावर मावशी कंटाळून म्हणाली, "घोडेगावच्या बाजारात म्हशीचं बी एवढं दात बघत न्हाईत बाबा."

आणि मग दुसरा प्रश्न आला. त्याच आवाजात, त्याच स्पीकरवरून, साऱ्या बोळाला ऐकू जाईल असा. आपल्याला कोणत्या कामात मदतीची आवश्यकता आहे? आपल्याला काय येत नाही?

बाया खाली बघून चटईच्या काड्या उपसायला लागल्या.

तुम्हीच सांगा, काय उत्तर येणार होतं? शेजारी सासू बसलेली, समोर जाऊ, मागे सून. भिंतीपलीकडे ज्या घरात आपल्या पोरीची सोयरीक बघतोय त्या घरची बाई. त्यांच्यासमोर फोन विचारतोय, बाई गं, तुझं काय अडलंय ते ओरडून सांग. मावशीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "काय न्हाई. देवाच्या दयेनं काय बी कमी न्हाई." पाहुणे बघायला आले की घर असंच बोलतं. तिच्यानंतर प्रत्येकीने तेच सांगितलं, जवळजवळ तेच शब्द. आपांची पाळी आली. त्यांनी ओठ उघडले. त्यांची नजर अंगणाच्या तोंडाशी असलेल्या चढाकडे गेली, हे मी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "काही नको. लिहा, काही नको."

तो चढ आपांना एकटीने चढता येत नाही. लहानसाच आहे, पण हाताच्या पायडलला तो डोंगर. त्यासाठी त्यांनी कधी कुणाला हाक मारली नाही. चढापाशी आल्या की सायकलची घंटी एकदा वाजवायच्या, नुसती एकदा, जणू काही चुकून. मग ज्याच्या कानावर पडेल तो येऊन मागून ढकलायचा आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा, ऊन किती वाढलंय वगैरे. ढकलण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. अ‍ॅपच्या यादीत ढकलणं हे कौशल्य नव्हतंच म्हणा. आणि असतं तरी आपांनी ते त्या भोंग्यासमोर मागितलं असतं का?

महिन्याभराने रिपोर्ट आला. आमची वस्ती देणाऱ्यांनी भरलेली होती. घेणारं कुणी नव्हतं. मागणी शून्य. वॉर्ड ऑफिसने रिपोर्ट वाचला आणि सरळ अर्थ काढला: या लोकांना काही नकोय. मग समाजमंदिर कशाला हवंय? अंगणात आता पाण्याचे पाइप पडलेत. पाणी न आलेले पाइप.

मी तन्मयला फोन केला. भांडायलाच केला होता.

"पण ताई, बटण होतं ना. त्यांनी सांगायला हवं होतं."

"सोऱ्या मागायचं बटण होतं?"

"सोऱ्या म्हणजे तो साचा? नाही, वस्तू आपण मुद्दाम वगळल्या. वस्तू आल्या की भाड्याचा धंदा सुरू होतो. आपण कौशल्यावर फोकस केला."

त्याला मग मी जे सांगितलं ते इथेही सांगते. आमच्या वस्तीत वाळवणाला "मदतीला या" असं कोणी म्हणत नाही. हे तोंडातून बाहेरच पडत नाही. आदल्या संध्याकाळी बाई शेजारणीच्या दारात जाते आणि विचारते, "सोऱ्या मोकळा हाय का गं?" बस्स. तिच्या घरी स्वतःचा सोऱ्या असेल, तरी विचारते. शेजारीण "हाय की" म्हणते आणि सकाळी सोऱ्या घेऊन स्वतः येते. सोऱ्याबरोबर हात येतात. तिच्या मागून पोळपाट मागायच्या निमित्ताने दुसरी येते, चाळण परत करायला तिसरी. दुपारी सगळं आटोपतं आणि कुणी कुणाकडे मदत मागितलेली नसते. मागितला तो सोऱ्या. पुढच्या आठवड्यात दुसरीच्या घरी हेच उलटं. मोजदाद कोणी ठेवत नाही, पण चुकतही नाही.

पाथर्डीकडून ऊस तोडायला जाऊन जाऊन मावशीची निम्मी उमर गेली. तीही सांगते, फडातसुद्धा असंच. बांधलेली मोळी एकटीने डोक्यावर घेता येत नाही. "मंग कोनाला हाक मारायची?" मी विचारलं होतं. "हाक कशाला? मोळीपाशी नुसतं हुबं ऱ्हायचं. डोक्यावर ठिवायला पदराची चुंबळ करीत. बघनाऱ्याला कळतं." ज्याला कळत नाही, त्याला फडात कुणी माणूस म्हणत नसेल.

म्हणजे मागायचे रस्ते होते. चांगले मळलेले, पिढ्यांच्या पायांचे. सोऱ्याचा, चुंबळीचा, घंटीचा. त्यातला एकही त्या अ‍ॅपवाल्यांना दिसला नाही, कारण त्यांनी ज्या बाजूने पाहिलं त्या बाजूला एकच दरवाजा होता आणि त्यावर लिहिलं होतं: तुमचा कमीपणा इथे जाहीर करा. आणि त्यात पुन्हा अभिमान असा की निरक्षर बाईलाही तो जाहीर करता यावा म्हणून आम्ही स्पीकर लावला!

तन्मयने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं, ताई?"

काय सांगणार? श्वास कसा घेता हे कुणी विचारलं तर माणूस आधी गोंधळतोच. मलाही हे सगळं दिसलं ते कुलूप लागल्यावर, बाया शिडी चढताना, आणि खाली आपा एकट्या. तोवर ते माझ्यासाठीही उन्हासारखंच होतं, असायचंच.

पण मला फक्त पुण्यावर चिडून भागत नाही. आपल्या बायांवरही मी चिडले. याच बाया, पाण्याच्या मोर्चात कलेक्टर कचेरीसमोर घसे फाडून मागणाऱ्या. "पाणी आमच्या हक्काचं" म्हणताना मावशीच्या गळ्याच्या शिरा मी मोजू शकते. सगळ्यांसाठी मागायचं तर ती वाघीण. स्वतःसाठी एक गोष्ट मागायची तर देवाच्या दयेनं काही कमी नाही. मी तिला एकदा आपांच्या दारात धरलंच.

"मावशे, तुला फोनवर पोरीचा चेहरा बघून बोलायचं असतं. रोज कुणाकुणाच्या पाया पडतेस लावून दे म्हणून. शिकायचंय असं सांगायला काय झालं होतं?"

"सुनंसमोर? येडी का खुळी तू? उद्या म्हनंल, सासूला फोन बी लावता येईना, आन् मला शिकवती."

"मग म्हणू दे की."

"व्हय का? आन् तू गं वैशे? तू काय सांगितलंस त्या भोंग्याला?"

मी सांगितलं होतं: पत्रक लिहिणे, भाषण, अर्ज लिहून देणे.

"आन् काय येत न्हाई ते?"

मी झब्ब्याची बाही मागे लपवली.

"तुझी पोळी अजून भारताच्या नकाशावानी हुती. तुला टाका घालता येत न्हाई, झब्ब्याला पिन लावून फिरतीस. सांगितलंस का कोनाला? लई आली मला शिकवनारी."

आपा खो खो हसल्या. मीही हसले, पण पिन टोचल्यासारखी. तो हिशेब इथे मिटला असं नाही. मावशी अजूनही मधेच विचारते, पिन लावलीस का गं.

मी वॉर्ड ऑफिसात गेले त्याची गोष्ट तर अशी की लिहिताना पेन जोरात दाबलं जातं. ऑफिस पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. साहेबांनी निवेदन वाचलं आणि म्हणाले, "ज्यांची तक्रार आहे त्यांना घेऊन या. तुमच्या पत्रकांवर काम होत नाही."

"त्या आल्यात साहेब. खाली आहेत."

"मग वर आणा."

"त्या सायकलवर आहेत. पायऱ्या चढता येत नाहीत."

"मग कसं व्हायचं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला! मी त्यांना खाली चला म्हणाले. ते म्हणाले, "एकेकासाठी खाली उतरत बसलो तर कामं कधी करू?" खिडकी होती. खिडकीतून आपा दिसत होत्या, दुचाक्यांच्या गर्दीत, डोक्यावर ओढणी, मांडीवर निवेदनाची प्रत. साहेबांच्या टेबलामागे भिंतीवर तेच पोस्टर होतं, तीच हिरवळ.

हे शहर वर वर चाललंय. पत्र्याची घरं स्लॅबची झाली, स्लॅबवर शिडी आली, दवाखाना दुकानाच्या वर, बँक मिठाईवाल्याच्या वर, कागदावर अहिल्यानगर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी नगर असलेलं हे आमचं गाव एकेक मजला चढतंय आणि चढताना खाली बघून म्हणतंय, तुम्ही बसा निवांत, तुमचं आम्ही घालून आणतो. मला ही माया सहन होत नाही. घालून आणलेली कुरडई तळली की तशीच फुलते, चवीत काही फरक नाही. पण जिच्या हाताला वस्तीत मान होता तिला आपण नुसती वाढून घेणारी करून ठेवली. मागच्या उन्हाळ्यापासून आपांकडे सोऱ्या मागायला कोणी येत नाही. का येईल? शिडीवर त्या येणार नाहीत, मग उगाच त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं, असा सगळ्यांचा चांगुलपणा. शिवणाचा वर्ग सुटला. त्यांच्या घरात एक मशीन आणि एक माणूस, तिसऱ्याला जागा नाही. परवा मी गेले तेव्हा त्या दारात बसून बोळातून येणारा तो आंबूस वास घेत होत्या. "कुणाचा गहू भिजलाय गं?" त्यांनी विचारलं. आधी त्यांना आठवडाभर अगोदर ठाऊक असायचं.

एवढं ओरडून, पत्रकं वाटून, साहेबांच्या जिन्यात बसून, एक गोष्ट हाती लागली आहे. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता साहेब खाली येणार आहेत. समाजमंदिराच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, बैठक. तन्मयही येणार आहे. तो म्हणतो की अ‍ॅप बदलतोय, वस्तू मागायची सोय करतोय, स्पीकर काढतोय. करू दे. पण समाजमंदिराचं ठरेल ते त्या दिवशी. वॉर्ड ऑफिसवाले ती जागा एका जिमला द्यायच्या विचारात आहेत. साहेबांनी अट एकच घातली आहे. "मागणी दाखवा. खरी माणसं, खरी गरज, त्यांच्या तोंडून. नाहीतर विषय संपला."

तेव्हा मी आपांकडे गेले. म्हटलं, आपा, तुम्ही बोला. तुमच्याइतकं कोणाचं अडलंय?

आपा शिवत होत्या. मशीनचं चाक हातानेच फिरवतात. थांबल्या.

"बोलेन ना. मी घाबरते काय? सांगेन की मला चढावर ढकलायला माणूस लागतं, मला जमिनीवरची जागा लागते, मला मोबाईलवर नवी डिझाइनं बघायला शिकायचंय." दोरा दाताने तोडला. "पण पहिली नाही बोलणार. सगळ्या देणाऱ्या ओळीने उभ्या आणि मागणारी मी एकटी, सायकलवर. तसं नको बेटा. त्यापेक्षा कुलूप बरं."

मावशी दारात होती. नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलेल असं वाटलं. पण ती पदराशी चाळा करत उभी राहिली आणि मग म्हणाली, "मी सांगीन फोनचं. सून आसली तरी सांगीन." जरा थांबून, "पर मी बी पहिली न्हाई."

म्हणून हे लिहिलं. आता तुमच्याशी बोलते, वाचणाऱ्याशी. हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. मदत करावीशी वाटत असेल. कृपा करा, मदत घेऊन येऊ नका. जुन्या साड्या नको, खाऊ नको, सल्ला तर नकोच. देणाऱ्यांचा आमच्याकडे एवढा साठा झाला की त्यापायी जागा गेली.

तुम्हाला काहीतरी येत नाही. मला माहीत आहे, कारण मलाही येत नाही. गाडी चालवायची भीती वाटत असेल. बँकेचा फॉर्म कळत नसेल. बाप गेल्यापासून घरात बोलायला माणूस नसेल. भाकरी थापता येत नसेल. पोराचा अभ्यास घेताना आपल्यालाच गणित सुटत नसेल. ते घेऊन या. शनिवारी, सकाळी दहा वाजता, क्रशर वस्ती, समाजमंदिराचं फाटक. मी म्हणणार आहे की मला टाका घालता येत नाही, पण मी पत्रकं काढणारी, मला साहेब मोजणार नाहीत. तुम्ही सावेडीहून या, भिंगारहून या, शिकलेले या, गाडीतून उतरून या. साहेबांसमोर उभे राहा, स्वतःचं नाव सांगा, आणि शमीमआपांची पाळी यायच्या आत, मोठ्याने, शरमेने कान लाल झाले तरी, सांगा की तुम्हाला काय येत नाही आणि ते शिकायला तुम्हाला हे अंगण हवंय.